पेव्हमेंटचा पहिला अल्बम आणि त्यातला ड्रमर : स्लँटेड अँड एन्चांटेड (१९९२)

टेपरेकॉर्डर

इथे रॉकवर धागे निघतात पण ते फिरून फिरून फ्लॉइड, झेपेलिन, मेटॅलिका आणि फारच झालं तर निर्वाणापर्यंत येतात आणि थांबतात. त्यात वाईट काही नाही, मीही तेच ऐकत मोठा झालो. पण ज्या रेकॉर्डवर माझा खरा जीव आहे तिच्याबद्दल मराठीत कुणी चार ओळी लिहिलेल्या मला तरी दिसल्या नाहीत, म्हणून आज सविस्तर लिहितोय. लांब होईल, सांभाळून घ्या.

पेव्हमेंट हा कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावचा बँड. स्टॉकटन म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला आत शेतीच्या पट्ट्यातलं नदीकाठचं बंदर, समुद्र नाही, हॉलिवूड नाही, फॅशन नाही. स्टीफन माल्कमस आणि स्कॉट कॅनबर्ग हे दोघं तिथलेच, लहानपणापासूनचे दोस्त. माल्कमस शिकायला गेला पार व्हर्जिनिया विद्यापीठात, विषय इतिहास, आणि शिक्षण संपवून गावी परत आला तेव्हा दोघांनी ठरवलं की एक सात इंची रेकॉर्ड काढायची. जानेवारी १९८९. गावात स्वस्तातला स्टुडिओ कोणता तर गॅरी यंग नावाच्या माणसाचा, त्याच्या घरातच होता, नाव 'लाउडर दॅन यू थिंक'. साधारण आठशे डॉलर खर्चून हजार प्रती काढल्या, 'स्ले ट्रॅक्स'. नाव छापताना स्वतःचं पूर्ण नावही नाही, एक एस. एम. आणि दुसरा स्पायरल स्टेअर्स.

आता हा गॅरी यंग. जन्म १९५३, म्हणजे या पोरांपेक्षा तेरा-एक वर्षांनी मोठा, जुना हिप्पी, प्रोग रॉकचा, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रॉकचा वेडा, येस वगैरे बँडवर पोसलेला ड्रमर. पोरांकडे ड्रमर नव्हता, तर स्टुडिओचा मालकच ड्रमवर बसला. ठरवून झालेलं काहीच नाही. पुढे 'ड्रॅग सिटी' लेबलवर आणखी दोन छोट्या रेकॉर्ड आल्या, आणि १९९० चा डिसेंबर ते १९९१ चा जानेवारी या हिवाळ्यात त्याच घरात हा पूर्ण अल्बम रेकॉर्ड झाला. तेव्हा बँड म्हणजे हे तिघंच. बास गिटारवाला मार्क आयबोल्ड नंतर आला, तो या रेकॉर्डवर नाहीच.

अल्बम दुकानात यायला मात्र एप्रिल १९९२ उजाडला, न्यूयॉर्कच्या 'मॅटाडोर' या रेकॉर्ड कंपनीकडून. मधलं वर्षभर त्याच्या कॅसेटी समीक्षकांमध्ये आणि वाजवणाऱ्यांमध्ये हातोहात फिरत होत्या, म्हणजे रेकॉर्ड बाहेर पडायच्या आधीच तिची चर्चा झालेली होती. आणि काळ लक्षात घ्या, सप्टेंबर १९९१ ला निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आलेला, मोठ्या कंपन्या गिटार घेतलेल्या प्रत्येक पोराच्या मागे लागलेल्या, सगळ्यांचा आवाज जाड, घासूनपुसून मोठा केलेला. त्यात हा अल्बम येतो ज्यात गिटार कधीकधी सुरात नाहीत, गाणारा अर्धवट बोलतोय अर्धवट गातोय, मागे खरखर चालूच.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्याच्यासाठीच हा धागा. या रेकॉर्डचं श्रेय लोक दोन गोष्टींना देतात, माल्कमसची गाणी आणि ती खरखर. गाण्यांबद्दल दुमतच नाही, 'हिअर' लिहिणारा माणूस काय ताकदीचा आहे ते सांगायला नको. पण रेकॉर्ड पुन्हापुन्हा ऐकावीशी वाटते ती गॅरी यंगमुळे. 'समर बेब'च्या सुरुवातीला ती जाड फाटकी गिटार येते आणि तिच्या मागे ड्रम ऐका. साध्या ठेक्याचं गाणं आहे, कुणीही विशीतला पंक ड्रमर सरळ ठोकत गेला असता. हा माणूस ओळ संपायच्या आधीच रोल टाकतो, टॉमवरून (सेटमधल्या मोठ्या ड्रमवरून) खाली घरंगळत येतो, वाटतं आता चुकला, आणि बरोब्बर समेवर येतो. 'इन द माउथ अ डेझर्ट' मध्ये तेच. गिटार सैल, गाणं सैल, आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारा ड्रमर स्वतःही सैल, पण त्याच्या हाताला वीस वर्षांचा सराव आहे. हे मिश्रण दुसऱ्या कुठल्याच रेकॉर्डवर मला सापडलेलं नाही.

आणि म्हणूनच प्रभावाचं जे बोललं जातं त्यात मला एक भोक दिसतं. पुढच्या तीस वर्षांत शेकडो बँडनी या रेकॉर्डची नक्कल केली. खरखर उचलली, तिरकस गाण्यांची नावं उचलली, बेफिकीर आवाज उचलला. ड्रम कुणालाच उचलता आले नाहीत. कारण विशीतल्या दोन पोरांना चाळिशीकडे झुकलेला प्रोगवाला ड्रमर आपल्याच गावात, स्वतःच्या स्टुडिओसकट मिळणं हे काही ठरवून होत नाही.

गॅरी १९९३ मध्ये बँडमधून बाहेर पडला. दारू फार, स्टेजवर उलटं उभं राहणं, कार्यक्रमाला आलेल्या लोकांना दारात उभं राहून कोबी वाटणं असले प्रकार, त्याच्या गोष्टी लोक चवीने सांगतात. मला त्या गोष्टींचा राग येतो कारण त्यात तो वाजवायचा काय हे राहून जातं. ऑगस्ट २०२३ मध्ये गेला, सत्तर वर्षांचा होता. तेव्हाही बहुतेक ठिकाणी कोबीच आधी आला.

ज्यांनी ऐकलाय त्यांनी लिहा, ज्यांनी नाही त्यांनी 'समर बेब', 'ट्रिगर कट', 'हिअर' या क्रमाने ऐकून बघा. हेडफोनवर.

तारसप्तक

लेख मनापासून लिहिलाय ते कळतं. तिन्ही ऐकली. पण मला एक समजत नाही, आवाज वाईट असणं हा गुण कसा? पैसे नव्हते, ठीक आहे, मान्य, पण मग 'नाइलाज होता' म्हणा ना, त्याची शैली कशाला करायची. बाकी 'हिअर' ची चाल चांगली आहे पण गाणारा सुरापासून लांब आहे आणि त्याला त्याचं काही वाटतही नाही. आपण शास्त्रीय ऐकणारी माणसं, सुराच्या बाबतीत एवढी सूट द्यायला मन तयार होत नाही.

बोरकूट

मी घरी रेकॉर्डिंग करतो म्हणून तांत्रिक बाजू सांगतो, थोडं लांबेल.

लो-फाय म्हणतात, म्हणजे हा खरखरीत कच्चा आवाज, त्याचं मूळ यंत्रात आहे. १९७९ साली टॅस्कॅमने पोर्टास्टुडिओ काढला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे चार आवाज वेगवेगळे घेऊन एकत्र वाजवता येतात. आधी मल्टिट्रॅक म्हणजे मोठा स्टुडिओ आणि तासाचं भाडं, आता टेबलावर मावणारं यंत्र. पण ट्रॅक चारच. गिटार, बास, ड्रम झालं की तीन भरले, मग ते तीन एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तीनवर पुढचं वाजवायचं. प्रत्येक वेळी उतरवताना वरचे सूर थोडे मरतात आणि टेपची सूं वाढते. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा 'नेब्रास्का' असाच चार ट्रॅकवर घरी झालेला आहे, आणि तो काही गरीब नव्हता. त्याने बँडबरोबर तीच गाणी करून पाहिली आणि शेवटी घरचीच टेप छापली कारण गाण्यात जे एकटेपण होतं ते त्या टेपवरच होतं. तारसप्तक, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, कधी कधी पहिल्या कच्च्या टेपवर जे पकडलं जातं ते नंतर कितीही खर्च करून येत नाही.

दुसरं, टेपरेकॉर्डर यांच्या मुद्द्याला जोडून. 'स्लँटेड' हा चार ट्रॅकवाला बेडरूम अल्बम नाही, हे लोक नेहमी घोळात घेतात. तो गॅरीच्या घरातला असला तरी स्टुडिओ होता, ड्रमला नीट माईक लावणारा माणूस होता, आणि तो माणूस स्वतःच ड्रमर. म्हणून त्या रेकॉर्डवर गिटार कितीही फाटलेल्या असल्या तरी ड्रम भरीव येतात, खोलीतली हवा ऐकू येते. स्वतः घरी ड्रम रेकॉर्ड करून बघा मग कळतं ते किती अवघड आहे. बहुतेक लो-फाय रेकॉर्डवर ड्रम खोक्यावर बोटं मारल्यासारखे येतात.

निवडुंग

धागा आवडला पण एक नाव कसं काय आलं नाही? द फॉल!!! मँचेस्टरचा बँड, १९७६ पासूनचा, मार्क ई. स्मिथ. 'कन्ड्युइट फॉर सेल' ऐका आणि मग फॉलचं १९८० चं 'न्यू फेस इन हेल' ऐका, भिंतीला लावलेल्या कानासारखं एकाला एक चिकटून आहे. शेवटचं 'अवर सिंगर' ऐकताना मला फॉलचं 'हिप प्रीस्ट' आठवतं. स्मिथ स्वतः यांच्यावर उघडपणे चिडलेला होता, उसनवारी केली म्हणून. मग प्रभावाचं बोलताना आधी हे कुठून आले ते बोलायला नको का? मला पेव्हमेंट आवडतो पण फॉलचं देणं फेडल्याशिवाय त्यांना मूळपुरुष म्हणणं मला पटत नाही.

टेपरेकॉर्डर

निवडुंग, बरोबर आहे, फॉल हवाच होता. 'कन्ड्युइट' बद्दल वादच नाही, बोलत बोलत गोष्ट सांगायची आणि मध्येच एकच ओळ ओरडत राहायचं ही सगळी फॉलची पद्धत. स्वेल मॅप्स या दुसऱ्या इंग्लिश बँडचंही देणं आहे. पण एक सांगा, स्मिथच्या गाण्यात 'ट्रिगर कट' मधलं ते शा-ला-ला कुठे आहे? 'झुरिक इज स्टेन्ड' सारखं हळवं, सरळ गळ्यातलं गाणं कुठे आहे? फॉलचा ठेका एखाद्या यंत्रासारखा तोच तो दळत राहतो, तीच त्यांची ताकद, आणि इथे गॅरी दोन मात्रांपेक्षा जास्त सरळ वाजवायला तयार नाही. उसनं घेतलं ते गाण्याच्या वरच्या थरात, खाली चालतंय ते वेगळंच आहे. म्हणून मी पुन्हा ड्रमवर येतो, हट्ट समजा हवं तर.

बोरकूट, ड्रमच्या माईकचा मुद्दा फार मोलाचा. हे मला एवढ्या नेमकेपणाने सांगता आलं नसतं.

सातवीण

तारसप्तक दादा, तुमच्या सुराच्या मुद्द्यावर. आपल्याकडे जुन्या खाजगी मैफिलींच्या टेप फिरायच्या, अजून फिरतात, कुणाच्या तरी दिवाणखान्यात समोर ठेवलेल्या एकाच माईकवर उतरवलेल्या. पंख्याचा आवाज, मध्येच कुणी खोकतं, दाद देणारा गायकापेक्षा मोठा ऐकू येतो, टेप संपली म्हणून द्रुत अर्धवट राहिलेलं. आणि तरी रसिक लोक कंपनीची स्वच्छ रेकॉर्ड बाजूला ठेवून त्या टेपवर जीव टाकतात, कारण त्या रात्री बुवा मोकळे गायलेत. तुम्हीसुद्धा टाकत असणार, खात्री आहे मला. तिथे आपण सुराला सूट देत नाही हे खरं, पण आवाजाच्या स्वच्छतेला तर देतोच ना? मग निदान अर्धा प्रश्न सुटला. उरलेल्या अर्ध्याबद्दल, म्हणजे माल्कमसच्या सुराबद्दल, माझं मत तुमच्याजवळच आहे, पण 'हिअर' मध्ये तो आवाज तसाच हवा. हरलेल्या माणसाचं गाणं आहे ते, यश मिळेल म्हणून नटून बसलेला आणि यश येतच नाही, ते कुणी घोटीव आवाजात गायलं तर खोटं वाटेल.

भटकी_जमात

स्टॉकटनचं नाव वाचून राहवलं नाही. मी गेली बरीच वर्षं बे एरियात आहे, तिथून स्टॉकटन गाडीने दीड-दोन तास. इकडचे लोक त्या गावाचं नाव काढलं की नाक मुरडतात. पण आपल्यासाठी त्या गावाचं महत्त्व वेगळं आहे, १९१२ सालचा गुरुद्वारा आहे तिथे, अमेरिकेतला सगळ्यात जुना, आणि गदर चळवळीच्या लोकांचं ते जमायचं ठिकाण. आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे हे त्याच चळवळीतले. धाग्याचा विषय नाही, जाणून आहे, पण गाव एकच म्हणून लिहिलं.

विषयावर येते. 'टू स्टेट्स' हे गाणं इथे राहिल्याशिवाय नीट पोचत नाही असं माझं मत. कॅलिफोर्नियाचे उत्तर-दक्षिण दोन तुकडे करा ही मागणी इथे खरोखर अधूनमधून उठते, पाण्यावरून, पैशावरून, आणि मधल्या शेतीच्या पट्ट्याला कुणीच विचारत नाही. त्या मधल्या पट्ट्यातली पोरं हे गाणं घोषणा दिल्यासारखं ओरडतात. विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायची गरज पडणार नाही.

निवडुंग

भटकी_जमात, खतरनाक माहिती. स्टॉकटन गुरुद्वाऱ्याचं माहीतच नव्हतं.

मध्यरात्र

मी इथे सगळ्यात लहान असेन बहुतेक. मला पेव्हमेंट सापडला तो उलट्या दिशेने. बीबाडूबी नावाची लंडनची मुलगी आहे, जन्म फिलिपिन्सचा, तिचं २०१९ चं एक गाणंच आहे 'आय विश आय वॉज स्टीफन माल्कमस', ते ऐकून हा कोण म्हणून शोधायला गेले. आणि मग 'हार्नेस युअर होप्स', जे १९९९ च्या एका ईपीवर (अल्बमपेक्षा छोट्या रेकॉर्डवर) कोपऱ्यात पडलेलं गाणं होतं, अल्बमवर घेतलंही नव्हतं, ते वीस वर्षांनी टिकटॉकवर पसरलं आणि आता स्ट्रीमिंगवर त्यांची सगळी मोठी गाणी मागे टाकून बसलंय. माझ्या वयाच्या लोकांसाठी पेव्हमेंट म्हणजे ते गाणं. 'स्लँटेड' वर मी नंतर आले आणि पहिल्यांदा खरंच दचकले, इतका ओबडधोबड असेल वाटलं नव्हतं.

पण टेपरेकॉर्डर काका, 'ड्रम कुणालाच उचलता आले नाहीत' हे वाचून मला वाटलं तुम्ही प्रभाव फारच अरुंद धरताय. कार सीट हेडरेस्ट घ्या. विल टोलेडो नावाचा मुलगा, घरात गायला लाज वाटायची म्हणून गाडीच्या मागच्या सीटवर बसून आवाज रेकॉर्ड करायचा, तेच बँडचं नाव झालं, २०१० पासून स्वतःच बँडकॅम्प या वेबसाइटवर अल्बम टाकत राहिला, आणि २०१५ ला त्याला घेतलं कुणी तर मॅटाडोरनेच. त्याचा आवाज पेव्हमेंटसारखा आहे का? अर्धा आहे अर्धा नाही. पण 'आपलं घर, आपलं यंत्र, आपलं गाणं, आणि हे पुरेसं आहे' हे त्याला कुठून कळलं? सॅडी डुपुई, स्पीडी ऑर्टिझवाली, तिने तर सगळ्या मुलींचा पेव्हमेंट कव्हर बँड केला होता. तिच्या गिटारमध्ये ते वाकडे सूर आहेत पण बोल पूर्ण तिचे, राग पूर्ण तिचा. नक्कल म्हणून मोजलं तर सगळे नापास होतील. पण हे लोक नक्कल करत नाहीयेत.

टेपरेकॉर्डर

मध्यरात्र, तुझा प्रतिसाद वाचून बराच वेळ विचार केला. तू म्हणतेस तो प्रभाव आहेच, आणि तो पेव्हमेंटच्या आधीपासूनचा आहे, त्यांच्या एकट्याचा नाही. टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये डॅनियल जॉन्स्टन ऐंशीच्या दशकात घरी केलेल्या कॅसेटी लोकांच्या हातात देत होता, ऑलिंपियात बीट हॅपनिंग हा बँड होता, लू बार्लो होता. पेव्हमेंटने केलं काय तर ती गोष्ट मोठ्या खोलीत आणून ठेवली. त्यांच्यानंतर १९९३ ला लिझ फेअरचा 'एक्झाइल इन गायव्हिल' त्याच मॅटाडोरवर आला, १९९४ ला ओहायोच्या डेटनमधून गायडेड बाय व्हॉइसेसचा 'बी थाउझंड', त्यातला रॉबर्ट पोलार्ड तर शाळामास्तर. या दोन्हींना ऐकणारे कान 'स्लँटेड' ने तयार ठेवले होते.

आणि सगळ्यात नवलाचं उदाहरण ब्लरचं आहे. इंग्लंडमधला एवढा यशस्वी बँड, १९९५ मध्ये ओएसिसबरोबर पेपरच्या पहिल्या पानावर भांडण, आणि त्यांचा गिटारवाला ग्रॅहम कॉक्सन त्या सगळ्याला विटून पेव्हमेंट आणि अमेरिकन इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र कंपन्यांवरचे बँड, ऐकत बसलेला. १९९७ चा त्यांचा स्वतःच्या नावाचा अल्बम त्यातून आला. 'साँग टू' म्हणजे ते वू-हू, जे आपल्याकडे क्रिकेटच्या मॅचलासुद्धा वाजतं, ते ज्या अल्बमवर आहे त्या अल्बमच्या मागे स्टॉकटनमधलं ते घर आहे. एवढं लांब जाऊन पोचलेलं आहे हे प्रकरण.

पण ड्रमचं मी सोडत नाही. तूच सांग, कार सीट हेडरेस्टचं कुठलं गाणं तू ड्रमसाठी लावतेस?

मध्यरात्र

ड्रमसाठी एकही नाही, बोलांसाठी लावते. पण पेव्हमेंटही मी ड्रमसाठी लावत नव्हते. आता लावून बघेन.

बोरकूट

एक राहिलं. या रेकॉर्डवर बासवाला नाही हे टेपरेकॉर्डर यांनी एका ओळीत उडवलं पण त्याचा ड्रमशी थेट संबंध आहे. बास असता तर खालचा भाग त्याने व्यापला असता आणि ड्रमरला त्याच्याबरोबर बांधून राहावं लागलं असतं. इथे खाली जागाच जागा, म्हणून गॅरीचे टॉम इतके पुढे येतात आणि त्याला हवे तिथे रोल टाकता येतात. त्याच गाण्यांचं नंतरचं लाइव्ह रेकॉर्डिंग आणि अल्बम लागोपाठ ऐका, बास आल्यावर गाणी भक्कम होतात पण ती मोकळीक थोडी कमी होते.

तारसप्तक

सातवीण, मैफिलीच्या टेपचा मुद्दा बिनतोड. माझ्याकडे अशा टेप आहेत आणि मी त्या कुणाला हात लावू देत नाही, तेव्हा आवाजाच्या स्वच्छतेबद्दल मी आता बोलत नाही. बोरकूट यांनी सांगितल्यावर 'इन द माउथ अ डेझर्ट' फक्त ड्रम धरून ऐकलं. माणूस लयीला पक्का आहे, सैल वाटतो पण आहे पक्का, हे कबूल.

सूर मात्र मला अजून टोचतो. आणि मग तुमच्याच नादाने पुढचा अल्बम ऐकला, १९९४ चा 'क्रुकेड रेन, क्रुकेड रेन'. तो मला जास्त आवडला. 'गोल्ड साउंड्झ' तर फारच. त्यावर गॅरी यंग नाही ना?

टेपरेकॉर्डर

नाही, त्यावर स्टीव्ह वेस्ट आहे, रेकॉर्डिंगही न्यूयॉर्कला झालं. 'गोल्ड साउंड्झ' न आवडणारा माणूस मला अजून भेटायचाय. वेस्ट मागे बसून वाजवतो, गाण्याला वाट करून देतो, म्हणून तिथे चाल जास्त उठते, तुम्हाला तो अल्बम आवडणं स्वाभाविक आहे. माझं मन तिथे तेवढं रमत नाही, ड्रम येतात आणि मला पुढचं आधीच कळतं.

दोन्हीच्या मधलं ऐकायचं असेल तर १९९२ ची 'वॉटरी, डोमेस्टिक' ही चार गाण्यांची ईपी घ्या. गॅरी अजून आहे आणि गाणी पुढच्या अल्बमकडे निघालेली आहेत. २००२ मध्ये 'स्लँटेड' ची दोन सीडींची मोठी आवृत्ती आली त्यात ही ईपी आहे, जॉन पील यांच्या बीबीसी कार्यक्रमासाठी वाजवलेली गाणी आहेत, आणि लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीतला १९९२ चा कार्यक्रमही आहे. बोरकूट म्हणतात तो बासचा फरक तिथे ऐकता येईल.

निवडुंग

स्टीव्ह वेस्टवर अन्याय होतोय राव इथे. 'क्रुकेड रेन' वर स्वतंत्र धागा काढा, तिथे येऊन भांडतो. फॉलवरचा मी काढतो, पण थोडा वेळ द्या, तीसच्या वर अल्बम आहेत.